शॅडोरनमधला व्हीआरचा धोका डोक्यातल्या प्लगमधे नसतो, सिम मॉड्यूलमधे असतो

तू विचारलंस ते थोडक्यात असं: शॅडोरन या टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग गेमची पाचवी एडिशन खेळायला सुरू करतोयस, कॅरेक्टर मेज म्हणजे जादूगार आहे, पण वेळ आली तर डेकरबरोबर, म्हणजे टीमच्या हॅकरबरोबर, मॅट्रिक्समधे, म्हणजे गेमच्या जगातल्या इंटरनेटमधे, व्हीआरने (व्हर्च्युअल रिअॅलिटीने) उतरता यावं असं वाटतंय. डेटाजॅक, ट्रोड्स, सिम मॉड्यूल, कॉमलिंक, डेक यातलं नक्की काय घ्यायचं ते कळत नाहीये, आणि मशीन जळलं तर माणसाचा जीव का जावा हे पटत नाहीये. शिवाय यातलं खरं किती हेही हवंय. मी बरीच वर्षं शॅडोरन चालवतोय आणि नोकरी ईईजी लॅबमधे करतो, म्हणजे लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक नवीन प्लेयर्सना वाटतं की डोक्यात जॅक बसवला म्हणजे धोका आणि कपाळाला पट्टी बांधली म्हणजे सेफ. तसं अजिबात नाहीये. डेटाजॅक काय किंवा ट्रोड्स काय, दोन्हींचं काम एकच, मेंदू आणि मशीन यांच्यात सिग्नलची ने-आण करणं. नियमांत याला डायरेक्ट न्यूरल इंटरफेस म्हणतात, टेबलावर सगळे डीएनआय म्हणतात. त्या जोडणीवरून किती जोराचा सिग्नल मेंदूत येणार हे ठरतं सिम मॉड्यूलमधे. ही एक गोष्ट नीट बसली ना, की व्हीआरचे जवळपास सगळे नियम पाठ न करता सुचायला लागतात.

हे असं का आहे ते गेमच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास मला फार आवडतो कारण त्यात एक सलग विचार दिसतो. शॅडोरन फासा कंपनीने १९८९ मधे काढला. गेमच्या जगात २०१८ साली शिकागोच्या ईएसपी सिस्टिम्समधला होसाटो हिकिता नावाचा शास्त्रज्ञ असिस्ट बनवतो, म्हणजे आर्टिफिशियल सेन्सरी इंडक्शन सिस्टिम टेक्नॉलॉजी. ही टेक्नॉलॉजी हॅकिंगसाठी बनलेलीच नाहीये. ती बनली दुसऱ्याचा अनुभव रेकॉर्ड करून आपल्या मेंदूत वाजवण्यासाठी, ज्याला सिमसेन्स म्हणतात. अ‍ॅक्टर सिमरिग नावाचं रेकॉर्डिंग यंत्र लावून एखादा सीन जगतो, त्याला जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं, नाकाला आलं ते सगळं रेकॉर्ड होतं आणि घरी बसलेला माणूस ते स्वतःला होतंय असं अनुभवतो. यात दोन लेव्हल आहेत. बेसलाइनमधे फक्त इंद्रियांचा ट्रॅक असतो. फुल-एक्समधे इमोटिव्ह ट्रॅकसुद्धा असतो, म्हणजे त्या अ‍ॅक्टरची भीती, आनंद, छातीतली धडधड हेही तुझ्यात उतरतं. हा इमोटिव्ह ट्रॅक लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता कोणाच्याही मेंदूत बाहेरून सिग्नल सोडायचा म्हटलं की त्याला वरची मर्यादा हवीच. म्हणून प्रत्येक कायदेशीर सिमसेन्स यंत्रात, म्हणजे सिम मॉड्यूलमधेही, पीक कंट्रोलर असतो, तो सिग्नलला ठरावीक पातळीच्या वर जाऊ देत नाही. हा पीक कंट्रोलर बायपास केला की घरातला फ्यूज काढून त्या जागी जाड तार बांधल्यासारखं होतं: सगळं चालतं, जास्त जोरात चालतं, आणि ज्या दिवशी शॉर्ट होतं त्या दिवशी मधे अडवणारं काही उरलेलं नसतं. करमणुकीच्या बाजूला याच प्रकाराला बीटीएल चिप्स म्हणतात, बेटर दॅन लाइफ, शॅडोरनमधलं सगळ्यात वाईट व्यसन. आणि मॅट्रिक्सच्या बाजूला यालाच हॉट-सिम म्हणतात; पीक कंट्रोलर चालू असेल तर ते कोल्ड-सिम. दोन्ही एकच करामत आहे. माझ्या मते हे कळल्याशिवाय जीएमने (गेम चालवणाऱ्याने) हॉट-सिम टेबलावर आणूच नये, नाहीतर प्लेयरला ते फक्त जास्त फासे मिळवायचं बटण वाटतं.

मग हॅकिंग यात कुठून आलं? गेमच्या टाइमलाइननुसार ८ फेब्रुवारी २०२९ ला एक व्हायरस जगभरचे कॉम्प्युटर पाडतो. त्याच्याशी लढायला एको मिराज नावाची टीम असिस्टवर चालणारे सुरुवातीचे सायबरटर्मिनल, म्हणजे मेंदूला जोडायचे कॉम्प्युटर, वापरते. कीबोर्डवर टाइप करण्यापेक्षा थेट विचाराने काम केलं तर वेग कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून हा उद्योग. आणि त्या टीममधली बरीच माणसं त्यातच मेली, कारण जो रस्ता आज्ञा बाहेर नेत होता तोच रस्ता व्हायरसचा मार परत आत आणत होता. गेमच्या जगात असिस्ट दोन्ही दिशांनी वाहतं हे पहिल्यांदा रक्त सांडून कळलं ते इथे.

आता तुझ्या पार्ट्सकडे. डेटाजॅक म्हणजे कानामागे किंवा मानेवर बसवलेला पोर्ट, ऑपरेशन करून. किंमत १००० न्यूयेन (गेममधलं चलन), आणि इसेन्स, म्हणजे शरीरात यंत्र बसवलं की घटणारा माणूसपणाचा आकडा, ०.१ ने कमी. ट्रोड्स म्हणजे डोक्याला लावायची इलेक्ट्रोडची जाळी किंवा पट्टी, ७० न्यूयेन, इसेन्स शून्य, कधीही काढता येते. दोन्हींनी डीएनआय मिळतो. सिम मॉड्यूल १०० न्यूयेनचं, ते कॉमलिंकला जोडायचं, आणि त्याला हॉट-सिमसाठी मॉडिफाय करायचं असेल तर २५० वर, बेकायदेशीर. कॉमलिंक म्हणजे तुझा फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही, तो डेटा प्रोसेसिंग (वेग) आणि फायरवॉल (बचाव) हे आकडे देतो. डेक म्हणजे हॅकरचा कॉम्प्युटर, तो याच्याशिवाय अटॅक (हल्ला) आणि स्लीझ (लपून घुसणं) देतो, म्हणून खरं हॅकिंग डेकवरच होतं.

सिग्नलचा प्रवास बघ. तू मनात म्हणालास दार उघड. डीएनआयने तो इरादा वाचला, कॉमलिंकवर चालणाऱ्या तुझ्या पर्सोनाने, म्हणजे मॅट्रिक्समधल्या तुझ्या रूपाने, तो मॅट्रिक्समधे कृती म्हणून पाठवला. तिकडून उत्तर आलं डेटा म्हणून, पण मेंदूला डेटा कळत नाही, म्हणून सिम मॉड्यूलने त्याचं सिमसेन्समधे रूपांतर केलं: दार, त्याचा करकर आवाज, आतून आलेली थंड हवा. हे सगळं होस्टने, म्हणजे तू ज्या सिस्टिममधे शिरलास तिने, ठरवलेल्या नक्षीप्रमाणे. तो सिमसेन्स पीक कंट्रोलरमधून, हॉट असेल तर त्याला वळसा घालून, परत डीएनआयवरून मेंदूत. एआरमधे (ऑगमेंटेड रिअॅलिटीत) हे पूर्ण होत नाही, तिथे तुला चष्म्यावर किंवा लेन्सवर खिडक्या दिसतात, तुझं शरीर तुझ्याच ताब्यात असतं. म्हणून एआरमधे बायोफीडबॅक डॅमेज, म्हणजे मॅट्रिक्समधून थेट माणसाला बसणारा मार, लागूच होत नाही. आत जाणारा रस्ताच उघडलेला नसतो.

जुन्या एडिशनचं मटेरियल वाचत असशील तर एक सांभाळ. चौथ्या एडिशनच्या, म्हणजे २००५ च्या आधी सगळं वायरवर होतं, एआर नव्हतं, आणि असिस्टशिवाय कीबोर्ड घेऊन येणाऱ्याला टॉर्टॉइज म्हणायचे. गेमच्या जगात २०६४ च्या दुसऱ्या क्रॅशनंतर (पहिला म्हणजे वरचा २०२९ चा) मॅट्रिक्स वायरलेस झालं. तेव्हाचे नियम पाचवीत आणून मिसळू नकोस, डोकं फिरतं.

व्हीआरमधे गेलास की शरीर लुळं पडतं, त्याला आरएएस ओव्हरराइड म्हणतात. नाहीतर मॅट्रिक्समधे धावताना खऱ्या खोलीत भिंतीवर आपटशील. आरएएस म्हणजे रेटिक्युलर अ‍ॅक्टिव्हेटिंग सिस्टिम, हे नाव खऱ्या न्यूरोसायन्समधलंच आहे, १९४९ मधे मोरुझी आणि मॅगून यांनी ब्रेनस्टेममधला हा भाग जागेपणाशी जोडून दाखवला. पण खरं सांगायचं तर गेमने नाव थोडं चुकीच्या कामाला लावलंय. आरएएस जागं ठेवण्याचं काम करते. स्वप्न पडताना हातपाय न हलण्याची व्यवस्था वेगळी, तीही ब्रेनस्टेममधेच, पण ती खाली स्पायनल कॉर्डमधल्या मोटर न्यूरॉन्सना ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं वापरून गप्प बसवते. ही व्यवस्था आणि जाग यांचा मेळ चुकला की माणूस जागा होतो पण हलता येत नाही, स्लीप पॅरालिसिस. ज्यांना तो अनुभव आलाय त्यांना छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. टेबलावर डेकर व्हीआरमधून अर्धवट बाहेर फेकला गेला की मी हेच वर्णन वापरतो, आणि ते चांगलं लागू पडतं.

आता हॉट आणि कोल्डचा हिशोब, कारण मोह कुठे आहे ते आकड्यांत दिसतं. समज तुझ्या मेजचं इंट्यूशन ४, रिअ‍ॅक्शन ३, आणि कॉमलिंकचं डेटा प्रोसेसिंग २. शरीराने लढताना इनिशिएटिव्ह (कोण आधी वागतो ते ठरवणारा आकडा) ७ अधिक १ फासा, सरासरी साडेदहा. कोल्ड-सिममधे ६ अधिक ३ फासे, सरासरी साडेसोळा. हॉट-सिममधे ६ अधिक ४ फासे, सरासरी २०, आणि वर प्रत्येक मॅट्रिक्स अ‍ॅक्शनला २ फासे जास्त. म्हणजे एक पैशाचं सायबरवेअर न बसवलेला माणूस पट्टी बांधून स्ट्रीट सामुराईच्या, म्हणजे शरीरात यंत्रं बसवलेल्या लढवय्याच्या, वेगाला जातो. शिवाय बघ, इथे रिअ‍ॅक्शन नाहीच, त्याची जागा डेटा प्रोसेसिंगने घेतली, म्हणजे स्वस्त कॉमलिंक घेऊन व्हीआरमधे गेलास तर तू स्वतःच हळू होतोस. शरीराची चपळाई बाहेर राहते, आत मशीनची चपळाई चालते. नियम लिहिणाऱ्याने हे अगदी विचार करून लिहिलंय असं मला वाटतं.

आणि हीच ती जागा जिथे माणसाला लागतं. तुझा प्रश्न होता मशीन जळलं तर माणूस का मरावा. इथे दोन वेगळी डॅमेज आहेत आणि लोक ती एकत्र करतात. मॅट्रिक्स डॅमेज मशीनला जातं, ते भरलं की डेक ब्रिक होतो म्हणजे बंद पडतो, त्याने थेट कोणी मरत नाही. बायोफीडबॅक डॅमेज माणसाला जातं, आणि ते फक्त असे हल्ले करतात जे सिमसेन्समधूनच मारतात: ब्लॅक आइस, ब्लास्टर, स्पार्की (हे सगळे आइस, म्हणजे होस्टची राखण करणारे प्रोग्राम) आणि तसल्या तयारीने आलेला शत्रू डेकर. ते काय करतात? मघाचा इमोटिव्ह ट्रॅक आठव. ज्या रस्त्याने अ‍ॅक्टरची धडधड तुझ्या छातीत उतरत होती, त्याच रस्त्याने आइस वेदना, घबराट, हृदयाच्या ठोक्यातला गोंधळ पाठवतं. कोल्ड-सिममधे पीक कंट्रोलर त्याला वरच्यावर कापतो, म्हणून स्टन डॅमेज, म्हणजे बेशुद्धीकडे नेणारा मार. हॉट-सिममधे कापणारं कोणी नाही, म्हणून फिजिकल डॅमेज, म्हणजे जीव घेऊ शकणारी जखम. ब्लास्टर तेवढं कायम स्टनवरच थांबतं, कारण ते पकडण्यासाठी बनवलंय. रेझिस्ट करायला, म्हणजे मार अडवायला, विलपॉवर अधिक फायरवॉल इतके फासे. बायोफीडबॅक फिल्टर नावाचा प्रोग्राम २ फासे देतो, डेकरने तो चालू न ठेवता ब्लॅक आइसच्या समोर जाणं मला पटत नाही.

बाहेरचा नुसता इनपुट मेंदूला झटका देऊ शकतो हे खोटं नाहीये. डिसेंबर १९९७ मधे जपानमधे टीव्हीवरच्या एका कार्टून एपिसोडमधल्या वेगाने चमकणाऱ्या लाल-निळ्या प्रकाशामुळे शेकडो मुलांना हॉस्पिटलमधे न्यावं लागलं, त्यातल्या बऱ्याच जणांना फिट्स आल्या. तिथे मधे फक्त डोळे होते, कवटीला कोणी हात लावला नव्हता. आमच्या लॅबमधे रेकॉर्डिंग करताना पेशंटसमोर मुद्दाम लाइट चमकवतात तेही यासाठीच, कोणाचा मेंदू प्रकाशाने बिघडतो ते बघायला. मग डोळ्यांना वगळून थेट आत घुसणारा सिग्नल काय करेल याची कल्पना कर.

डम्पशॉक याच्यापेक्षा वेगळा. तो कोणी मारल्याने होत नाही, व्हीआर अचानक तुटल्याने होतो: डेक ब्रिक झाला, कोणी केबल उपटली, तू स्वतः घाईत जॅक आउट केलंस म्हणजे जोडणी तोडलीस, किंवा ओव्हरवॉच स्कोर (तुझ्या बेकायदेशीर हालचालींची मोजणी) ४० ला पोचून गॉडने, म्हणजे मॅट्रिक्सच्या पहारेकऱ्यांनी, तुला फेकलं. मेंदू एका जगात पूर्ण गुंतलेला असतो आणि एका क्षणात ते जग गायब होतं. कोल्डमधे ६ स्टन, हॉटमधे ६ फिजिकल, रेझिस्ट परत विलपॉवर अधिक फायरवॉल, आणि त्यावर १० वजा विलपॉवर इतकी मिनिटं प्रत्येक गोष्टीला २ फासे कमी. तुझ्या मेजचं विलपॉवर ३ आणि फायरवॉल २ धरलं तर ५ फाशांत सरासरी साधारण पावणेदोन हिट्स (यशस्वी फासे), म्हणजे हॉटमधे चारेक बॉक्स जखम. बॉडी ३ असेल तर एकूण १० बॉक्स असतात. एका क्षणात चार गेले, त्यात जखमेचा १ फासा कमी, आणि ७ मिनिटं २ कमी. हे सगळं शत्रूने बोट न लावता. तरी मेजचं विलपॉवर सहसा ५-६ असतं, ते इथे कामाला येतं.

यातला सगळ्यात वाईट प्रकार लिंक-लॉक. ब्लॅक आइसने पकडलं की तुला साधं जॅक आउट करताच येत नाही, हार्डवेअर अधिक विलपॉवरने त्याच्या लॉजिक अधिक अटॅकला हरवावं लागतं, आणि तोपर्यंत ते मारत राहतं. सिम मॉड्यूलच्या भाषेत सांगायचं तर ते आरएएस ओव्हरराइड सोडू देत नाही, म्हणजे पट्टी काढायला हात उचलायची आज्ञाच हातापर्यंत पोचत नाही. बाहेरून कोणीतरी ती ओढावी लागते, डम्पशॉक बसतो, पण जीव वाचतो. इथेच ट्रोड्स आणि डेटाजॅक यातला खरा फरक दिसतो, नियमांत फारसा लिहिलेला नसला तरी: पट्टी गाडी वळताना सरकते, मारामारीत निसटते, कोणीही खेचू शकतं. माझ्या टेबलावर ट्रोड्स लावून बसलेल्याला ग्रेनेडच्या धक्क्याने डम्पशॉक लागू शकतो, आणि प्लेयर्सना ते न्याय्य वाटतं कारण तीच पट्टी कधी त्यांना वाचवतेही.

रिगरचं, म्हणजे मनाने गाड्या आणि ड्रोन चालवणाऱ्याचं, तत्त्व हेच, फक्त समोर होस्टच्या जागी गाडी किंवा ड्रोन असतो, कंट्रोल रिग त्याचे सेन्सर्स शरीर म्हणून दाखवतो, त्यामुळे गाडीला बसलेला मार त्यालाही सोसावा लागतो. टेक्नोमान्सरना, म्हणजे यंत्राशिवाय नुसत्या मनाने मॅट्रिक्समधे जाणाऱ्यांना, यातलं काहीच हार्डवेअर लागत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे काढून फेकायलाही काही नसतं.

आता खरं किती. आमच्याकडे पेशंटला सांगावं लागतं की केस धुऊन, तेल न लावता या, कारण तेलाने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. १९५८ पासून वापरात असलेल्या १०-२० पद्धतीने डोकं मोजून २१ जागी इलेक्ट्रोड लावतो, पेस्ट भरतो, आणि एवढं करून मिळतं काय तर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा सिग्नल, जो पेशंटने पापणी मिटली तरी झाकला जातो. कवटी सगळं पुसट करून टाकते, एका इलेक्ट्रोडला लाखो न्यूरॉन्सचा एकत्र गलका ऐकू येतो. त्यामुळे ७० न्यूयेनच्या पट्टीने इरादा अचूक वाचणं आणि वर पाचही इंद्रियं आत लिहिणं, ही संपूर्ण शॅडोरनमधली माझ्या दृष्टीने ड्रॅगनपेक्षा मोठी कल्पना आहे. डेटाजॅक त्या मानाने खरा वाटतो. २००४ मधे ब्रेनगेटच्या ट्रायलमधे लकवा झालेल्या माणसाच्या मोटर कॉर्टेक्समधे इलेक्ट्रोडची जाळी बसवून त्याने विचाराने कर्सर हलवला. जानेवारी २०२४ मधे न्यूरालिंकने पहिल्या माणसात १०२४ इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. पण हे सगळं वाचणं झालं. लिहिण्यात आपण खूप मागे आहोत. कॉक्लिअर इम्प्लांट साधारण २२ इलेक्ट्रोडवर ऐकू आणतं आणि तेही मेंदूत नाही, कानातल्या नसेपाशी. २०१६ मधे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या टीमने मेंदूत करंट देऊन एका लकवाग्रस्त माणसाला त्याच्या हाताच्या बोटांवर स्पर्श जाणवून दिला, ते मला आजवरचं सिमसेन्सच्या सगळ्यात जवळचं वाटतं. डोळ्यांच्या बाबतीत अजून प्रकाशाच्या ठिपक्यांच्या पुढे फार जाता आलेलं नाही. व्हीआरला गरज मुख्यतः लिहिण्याची, आणि नेमकं तेच अवघड.

याच कारणाने सायबरपंक रेड या दुसऱ्या गेमचा २०२० मधला निर्णय मला हुशारीचा वाटतो. तिथे नेटरनर (तिथला हॅकर) खोलीत गॉगल घालून चालता-फिरता काम करतो आणि अ‍ॅक्सेस पॉइंटपासून ६ मीटरच्या आत असावा लागतो, त्यामुळे तो टीमबरोबरच राहतो. शॅडोरनमधे डेकर व्हीआरमधे गेला की बाकीचे प्लेयर्स मोबाइल बघत बसतात, हा या सिस्टिमचा खरा त्रास आहे, आणि तो कमी करायला मी एआरमधून हॅकिंगला मुद्दाम प्रोत्साहन देतो.

तुझ्या मेजबद्दल. डेटाजॅक बसवू नकोस. इसेन्स फक्त ०.१ जातो, पण मॅजिक पूर्ण १ ने कमी होतं, तो सौदा मेजने करू नये. ट्रोड्स ७० आणि सिम मॉड्यूल १००, एकूण १७० न्यूयेनमधे कोल्ड-सिम व्हीआर मिळतं. हॉटसाठी २५० घालू नकोस, कारण तुझ्याकडे डेक नाही, अटॅक नाही, स्लीझ नाही. तू आत जाऊन शोधणार, बघणार, बोलणार, डेकरने दिलेल्या फाइल्स वाचणार. त्यासाठी फिजिकल डॅमेजचा दरवाजा उघडायची गरज नाही. ते पैसे चांगल्या कॉमलिंकमधे घाल, डेटा प्रोसेसिंग आणि फायरवॉल दोन्ही वाढतात आणि दोन्ही तुला थेट लागतात. डेकर तुझं कॉमलिंक त्याच्या डेकला स्लेव्ह करू शकतो, म्हणजे डेकच्या ताब्याखाली जोडू शकतो, मग त्याची फायरवॉल तुझ्या कॉमलिंकच्या कामी येते, पण कोणी तुझ्यावर मार्क, म्हणजे घुसायची खूण, टाकला तर तो मार्क डेकवरही पडतो, तेव्हा त्याला विचारून कर. व्हीआरमधे जाण्याआधी धरून ठेवलेले स्पेल्स सोड, प्रत्येक स्पेलमागे २ फासे कमी हे आतही लागू राहतं. आणि ट्रोड्स ओढायचं काम कोणाचं ते रनच्या (मोहिमेच्या) आधी ठरव, शक्यतो सामुराईला दे, रिगरला नको, कारण नेमकं त्या वेळी तो स्वतःच ड्रोनमधे जॅक्ड-इन असतो.